दोन ओळींची तारीख

“किती झाले रे, टेक?”

आवाज ग्विनदावचा. जाडाभरडा, दगडाच्या भुकटीने खरवडलेला, आणि कानांनी साथ सोडलेल्या माणसाचा असतो तसा गरजेपेक्षा जरा चढा. विचारणारा चोवीस वर्षांचा, आणि ज्याला विचारले तो टेकविन एकोणीस वर्षांचा. त्या दिवसाला एकोणसाठ वर्षे झाली. एवढ्या काळात टेकविन आईचा आवाज विसरला, थोरल्या लेकीचे पहिले रडणे विसरला, गेलेली बायको कुठल्या सुरात हाक मारायची तेही आता आठवून काढावे लागते. हे चार शब्द मात्र आठवावे लागत नाहीत. दाढी करताना येतात, किटली उकळताना येतात, आणि आले की उत्तर घेतल्याशिवाय जात नाहीत.

उत्तर त्याने तेव्हाच दिले होते. “चार,” म्हणाला होता.

वेल्श डोंगरातल्या मोएल गेथिनच्या खाणीत पाटीचा दगड निघे. निळसर-जांभळा, वहीच्या पानांसारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटणारा. अर्ध्या जगाच्या घरांवर त्याची कौले गेली. खडकाची एकेक भिंत एकेका टोळीच्या वाट्याला येई आणि त्या भिंतीचे बरेवाईट त्या टोळीचे. ग्विनदाव साखळी मांडीला गुंडाळून भिंतीवर लटकायचा, भोके पाडायचा, दारू ठासायचा. टेकविन त्याच्या हाताखाली. सकाळी अकराला पहिला भोंगा झाला की खाणीतल्या सगळ्यांनी दगडी कोठ्यांमध्ये दडायचे. दुसऱ्याला वाती पेटत. मग सुरुंग उडत, आणि ज्याने त्याने आपल्या भिंतीचे मोजायचे. तिसरा भोंगा झाला की बाहेर. पण आपल्या मोजणीत एक जरी कमी भरला, तर आपल्या टोळीने अर्धा तास जागचे हलायचे नाही. कुठे एखादा सुरुंग खडकाच्या पोटात डोळे मिटून पडलेला असतो. यंत्राने भोके पाडून पाडून ग्विनदावचे कान गेले होते, म्हणून मोजायचे काम टेकविनच्या कोवळ्या कानांचे.

त्या दिवशी त्यांनी चार भरले होते. उडाले तीन.

आणि टेकविन मोजत नव्हता. तो यमक शोधत होता.

त्या खाणीत ती रीतच होती. कोठीत दडून बसले की छातीत धडधडते, आणि धडधडणाऱ्या छातीला काहीतरी काम द्यावे लागते. पहिला भोंगा झाला की म्हातारा एलिस दोन ओळी टाकायचा, आणि तिसरा होईपर्यंत पुढच्या दोन कोणीतरी जुळवायच्या. बक्षीस काही नाही. दिवसभर त्याला ‘पंडित’ म्हणायचे आणि चहाचा पहिला कप त्याचा. त्या दिवशी एलिसने टाकले होते:

डोंगराच्या पोटी निळी
रात होती निजलेली

बाहेर डोंगर फुटत होता आणि टेकविनच्या डोक्यात ती निळी रात्र कूस बदलत होती. ओळी सापडल्या त्याच क्षणी तिसरा भोंगा झाला, ग्विनदावने किती म्हणून विचारले, आणि तो त्याच्या कानाला लागून म्हणाला, “चार.” चारच तर भरले होते. ग्विनदाव पहार घेऊन गेला. टेकविन ओळी म्हणून दाखवायला एलिसकडे वळला, तोंड उघडले, आणि तेवढ्यात चौथा उडाला.

मग रिवाजाप्रमाणे भोंगा वाजला, सगळी खाण थांबली, आणि चारशे माणसे एकमेकांशी न बोलता उतरणीने घरी गेली.

आठवड्याने चौकशी झाली. साहेब इंग्रज, शेजारी दुभाषा. “तू त्याला किती झाल्याचं सांगितलंस?” असे दुभाष्याने वेल्शमध्ये विचारले. टेकविनच्या समोर ग्विनदावची आई बसली होती, काळी टोपी घालून. त्याने तिच्याकडे पाहिले, आणि “तीन” म्हणाला. दुभाष्याने तो एक शब्द साहेबाच्या भाषेत नेऊन ठेवला. साहेबाने लिहिले की मोजणी बरोबर होती. मयताने वाट न पाहता, स्वतःच्या घाईने जीव गमावला.

त्या मुलखात एका आडनावाची पन्नास घरे. म्हणून माणूस टोपणनावाने ओळखायचा, आणि एकदा चिकटलेले टोपणनाव थडग्यावरच्या शेवाळासारखे. खरवडले तरी पुन्हा येते. त्या दिवसापासून तो ‘ग्विनदाव घाई’ झाला. आई ‘घाईची आई’. घर ‘घाईचं घर’. आणि धाकटा भाऊ हेविन, तेव्हा सोळा वर्षांचा, दगड चिरायच्या शेडमध्ये उमेदवारी करणारा, तो आज पंचाहत्तरीतही ‘हेविन घाई’ आहे.

*

“घाई, अरे चल ना बाबा लवकर! मेंढरंसुद्धा पुढं गेली.”

ही नेस्टा. चाळीस वर्षे गावोगाव फिरून आजाऱ्यांची शुश्रूषा केलेली परिचारिका, आता त्र्याहत्तरची, दोन हातांत दोन काठ्या, पाठीवर पिशवी, पिशवीत चहा, मलमपट्टी आणि सगळ्या गावाची गुपिते. दर गुरुवारी तिघे डोंगर चढत. नेस्टा, टेकविन आणि हेविन. खाण बंद पडल्यावर हेविन विजेची कामे करू लागला होता, आणि टेकविन सरकारी वाचनालयाची गाडी चालवत दऱ्याखोऱ्यांतल्या घरांना पुस्तके पोचवू लागला होता. तिघेही निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरने चालायला सांगितले. नऊ वर्षे चालत होते.

“माणसानं बघत बघत चढावं,” हेविन खालून म्हणाला. “धावायला काय, कुत्रीसुद्धा धावतात.”

“माझी दाराची घंटा दुरुस्त करायला या माणसानं तीन दिवस घेतले,” नेस्टा टेकविनला म्हणाली. “तीन दिवस! पहिल्या दिवशी नुसता घंटेकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी माझा केक खाल्ला.”

“तिसऱ्या दिवशी वाजली की नाही?”

“वाजली. तोवर यायची ती माणसं येऊन परत गेली.”

टेकविन हसला. हसायची जागा होती म्हणून हसला. उतरणीच्या जुन्या रुळमार्गावरून ते चढत होते. रूळ केव्हाच भंगारात गेले. त्यांच्या खालचे दगडी ठोकळे मात्र पायऱ्यांसारखे उरले होते, दोन्ही बाजूंना नेच्यांचे तांबूस रान, आणि वर, आभाळाच्या अर्ध्यापर्यंत, टाकाऊ पाटीचे ढिगारे. पाऊस पडत नव्हता, पण पडला नाही असेही म्हणता आले नसते. ढिगारे ओले होऊन माशाच्या पाठीसारखे चकाकत होते.

हेविनच्या कोटाच्या खिशात आज पोलादी टेप होता, आणि तो टेपच टेकविनला सकाळपासून टोचत होता.

गावातल्या इतिहास मंडळाने वरची सुरुंगकोठी, टेकविनची टोळी जिथे दडायची ती, साफ केली होती. आत एक पाटी बसवायची ठरली होती, आणि पाटीवर काय कोरायचे हे ठरवायचा मान खाणीत माणूस गमावलेल्या घरांकडे आला होता. तशी आता एकच व्यक्ती उरली होती, हेविन. त्याला विचार करावा लागला नाही. त्या हिवाळ्यात, ग्विनदाव गेल्यावर तीन महिन्यांनी, चॅपेलच्या काव्यसंध्येत टेकविनने एक कडवे म्हटले होते. पहिल्या दोन ओळी एलिसच्या, त्या दिवशीच्या, कोठीतल्या सगळ्यांनी ऐकलेल्या. आणि पुढे:

हलकेच उचलून
घरावर पांघरली

चॅपेल रडले होते. मेलेल्या मित्रासाठी पोराने अर्धे कडवे पुरे केले, असे गाव समजले. एलिसने उठून त्याला मिठी मारली. ग्विनदावच्या आईने ते कडवे कापडावर विणले आणि चुलीवरच्या भिंतीला लावले. बावीस वर्षे ते धुराने काळवंडत राहिले. पुढच्या दोन ओळी कधी जुळवल्या हे टेकविनला कोणी विचारले नाही, आणि त्याने सांगितले नाही. पुढे त्याने पुष्कळ कविता केल्या, दोनदा जिल्ह्याच्या काव्यस्पर्धेतली मानाची खुर्चीही मिळवली, पण गावात त्याची ओळख ‘हलकेच’वालाच.

गेले दोन महिने तो नाना सबबी सांगत होता. कडवे कच्चे आहे. तिसरी ओळ जरा लंगडते. एलिसच्या दोनच ओळी कोरा ना. हेविन ऐकून घ्यायचा आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तिथूनच सुरुवात करायचा. कोरणाऱ्याला उद्या, शुक्रवारी, मजकूर द्यायचा होता.

*

उतरणीच्या माथ्यावर, रहाटघराच्या पडक्या भिंतींच्या आत, त्यांनी चहा काढला. एके काळी तिथल्या लाकडी रहाटावरून दोर सुटत आणि भरलेल्या गाड्या खाली जात. आता तिथे एक अ‍ॅशचे झाड होते, छपराच्या जागी. नेस्टाने मनुकांचा काळसर पाव कापला, लोणी जाड लावले.

“टेक, लोणी नको म्हणू नकोस, तुझ्या छातीचा आलेख मी पाहिलाय, अजून दोन पाव सहज मावतात.”

“आता तू निवृत्त आहेस.”

“परिचारिका निवृत्त होत नाही रे, फक्त पगार बंद होतो.” तिने हेविनला तुकडा दिला. “हेविन, तुझी आई ना, असाच पाव करायची. शेवटच्या महिन्यात काही खाववत नव्हतं, पण मला म्हणायची, ‘कर ग पोरी, वास तरी येऊ दे घरात.’”

हेविनने मान हलवली. तोंडात पाव होता.

“मी तिला अंघोळ घालायचे तेव्हा ती सारखी ग्विनदावबद्दल बोलायची. एकदा म्हणाली, ‘नेस्टा, तुला ठाऊकाय, तो पोटात होता तेव्हा दिवस भरून पंधरा दिवस वर गेले. सुईण दोनदा येऊन परत गेली. जन्माला यायला सुद्धा ज्यानं घाई केली नाही, तो मरायला कशी करेल?’” नेस्टाने कपातला चहा गवतावर फेकला. “मी काय बोलणार? ‘हो ना मावशी’ म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला हो म्हणावं.”

लाल चोचीचे दोन कावळे भिंतीवर येऊन बसले, पावाकडे बघून गेले.

टेकविनला हेविनच्या आईच्या अंत्ययात्रेचा दिवस आठवला. चॅपेलच्या मागच्या खोलीत हॅमच्या सँडविचची बशी हातात घेऊन हेविन सगळ्यांसमोर फिरत होता. घरात बाई उरली नव्हती, म्हणून. टेकविनपाशी आला तेव्हा खोलीत दोघेच होते. टेकविन म्हणाला, “हेविन, तुला एक सांगायचंय.” हेविन म्हणाला, “मोहरी नाही ना? तरी मी म्हटलं होतं त्यांना.” आणि मोहरी आणायला गेला. परत आला तोवर खोलीत दहा माणसे आली होती. टेकविन तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. पुढे कधी स्वतःला टोचून घ्यायचे झाले, की तो मोहरीच्या बाटलीला दोष देऊन पाहत असे. फार वेळ ते टिकत नसे.

“तू हल्ली दर गुरुवारी तोंड का पाडतोस रे?” हेविन अचानक त्याला म्हणाला. “तुझं कडवं कोरायचं म्हणतोय, तुझं नाक नाही कापायला निघालो.”

“मी म्हटलं ना, कच्चं आहे.”

“कच्चं तर कच्चं. बावीस वर्षं चुलीवर होतं, पिकलं असेल आता.”

नेस्टा खो खो हसली. हेविन मात्र हसला नाही. त्याने खिशातून टेप काढला, उगाच दोन इंच ओढला, सोडला. टेप टचकन आत गेला.

“ऐक, टेक. मी काही तुझ्यासारखा पंडित नाही. पण आई ते कडवं रोज वाचायची, मोठ्यानं, चूल पेटवताना. आणि ‘हलकेच’ म्हणताना जरा थांबायची. मला तेव्हा कळायचं नाही का थांबते. नंतर कळलं. सगळं गाव म्हणतं घाई, आणि एकट्या टेकविननं म्हटलं हलकेच. त्यानं घाई केली नाही असं तुझ्याशिवाय कोणी कधी म्हटलं नाही आमच्या घराला.” तो उठला, गुडघा चोळला. “म्हणून तेच पाहिजे. तुला लंगडं वाटत असेल तर लंगडू दे.”

टेकविनने पावाचा तुकडा तोंडात घातला. मग उरलेला पाव कागदात गुंडाळून त्याने नेस्टाच्या पिशवीत ठेवला.

*

रहाटघरापासून कोठीपर्यंत सपाट वाट होती. वाटेत बराकी लागल्या, लांबच्या गावांची माणसे आठवडाभर जिथे राहायची त्या. अर्ध्या जगाला छपरे पुरवणाऱ्या खाणीतल्या एकाही घरावर आता छप्पर नव्हते; कौले कोणी कोणी काढून नेली होती. चुलीच्या कोनाड्यांत गवत होते. एका खिडकीत मेंढी उभी होती, घरमालकिणीसारखी, आणि तिने त्यांना जाऊ दिले.

हेविन पुढे होता. आज पहिल्यांदाच तो पुढे होता. टेकविन त्याच्या पाठीकडे बघत चालला होता. ग्विनदावची पाठ अशी नव्हती, रुंद होती. पण चालताना डावा खांदा जरा खाली टाकायची ढब तीच.

माणसाला उशीर झाला की तो उशिराचाच आधार घेतो, हे टेकविनला चांगले कळत होते. पहिल्या वर्षी सांगता आले असते, पण भीती होती. दहाव्या वर्षी भीती गेली, तेव्हा लाज होती. बाविसाव्या वर्षी ग्विनदावची आई गेली, तेव्हा वाटले आता सांगून कोणाला सुख. आता वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याला एकच गोष्ट गमवायची होती, आणि ती त्याच्या चार पावले पुढे डावा खांदा टाकून चालली होती. गुरुवार गेले तर आठवड्यात काय उरते, हे त्याने पुष्कळदा मनात करून पाहिले होते. सहा दिवस उरतात, आणि सहाही सारखेच.

पण पाटी कोरली गेली, तर ती कोरलीच राहणार. कागद असता तर निराळे. पाटीचा दगड पाचशे वर्षे शब्द धरून ठेवतो. आपल्या दोन ओळी ग्विनदावच्या मरणावर फुंकर घालायला निघाल्या आहेत आणि त्याचे मरण त्या दोन ओळींनीच आणले, हे पाचशे वर्षे कोणालाच कळणार नाही. आणि खाली गावच्या कबरस्तानात तो मात्र ‘घाई’च राहील. कारण कडव्याने टोपणनाव जात नाही. आईने बावीस वर्षे वाचले, गेले नाही.

कोठी दिसली. दगडावर दगड रचून केलेली घुमटी, जाड भिंतींची, वाकून आत जायचे एवढे दार. मंडळाच्या लोकांनी आतली मेंढ्यांची लेंडी काढली होती, बाकाचे दगड धुतले होते. आठ माणसे मावत. तिघे बसले तर मोकळे वाटत होते.

“अय्या, केवढीशी!” नेस्टा म्हणाली. “आणि यात तुम्ही मुशायरे करत होतात? माझा नवरा तर न्हाणीघरातसुद्धा गात नव्हता.”

“एलिस कुठं बसायचा?” हेविनने विचारले.

“दाराशी.” टेकविन अजून उभा होता, कंबरेत वाकून.

“आणि आमचा दादा?”

“तिथं. उजवा कान दाराकडे करून. तो जरा बरा होता.”

“आणि तू?”

टेकविनने समोरच्या बाकाकडे बोट केले, आणि मग, बोट केलेच आहे म्हणून, तिथे जाऊन बसला. दगड थंड होता. दारातून ती भिंत दिसत होती, ग्विनदावची आणि त्याची. आता तिच्या पायाशी हिरवे पाणी साठले होते आणि वरून एक बारीक धार पडत होती. अंतर फार नव्हते. त्याला आठवत होते त्याच्या अर्ध्याने होते. धावत गेले असते, ओरडले असते, तर बहिऱ्या माणसालासुद्धा गाठता आले असते. पण त्याने ओळी म्हणायला तोंड उघडले होते.

हेविनने मागच्या भिंतीवर टेप लावला. एक टोक नेस्टाने धरले. “हलू नको,” हेविन म्हणाला. “मी कशाला हलू, तुझाच हात थरथरतोय,” ती म्हणाली. रुंदी घेतली, उंची घेतली. हेविनने खिशातून घडी घातलेला कागद काढला, गुडघ्यावर पसरला. त्यावर चार ओळी त्याच्या चौकोनी, वीजवाल्या अक्षरात लिहिलेल्या होत्या, आणि खाली दोन रकाने.

“आता सही-तारखेचं,” तो म्हणाला. “कोरणारा म्हणतो, दोघांचं कडवं असलं की ज्याच्या त्याच्या ओळींखाली ज्याचं त्याचं नाव आणि दिवस घालायची पद्धत आहे. एलिसचं मी लिहिलंय. एलिस, चौदा सप्टेंबर, एकोणीसशे पासष्ट. ते तर ठरलेलंच.” त्याने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. “तुझं सांग.”

“त्या हिवाळ्यात घाल.”

“हिवाळा म्हणजे दिवस होय रे? पाटीवर ‘हिवाळा’ कोरू?”

“मग डिसेंबर घाल. चॅपेलमध्ये म्हटलं तो दिवस.”

“म्हटलं तो नको. केलं तो पाहिजे. तुला आठवत असणार. तुम्हा लोकांना सगळं आठवतं, कुठल्या खुर्चीत बसून सुचलं ते पण.” हेविनने पेन्सिलीचे टोक जिभेला लावले. “मला माहिती पाहिजेच आहे, टेक. नेहमी वाटायचं विचारावं. दादा गेल्यावर किती दिवसांनी? मी तेव्हा शेडमध्ये बसून नुसता दगडाकडे बघायचो, चिरायचो नाही, मुकादम ओरडायचा. आणि मला वाटायचं, अख्ख्या खाणीत कोणी एक माणूस तरी त्याच्याबद्दल काही करतोय का.”

नेस्टा बाकावर बसून काठीच्या टोकाने चिखल काढत होती. “सांग रे,” ती म्हणाली. “आढेवेढे किती घेतोस? नवरीला नाव घ्यायला सांगितलंय की काय?”

टेकविनने हेविनच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिले. कुठलीही तारीख चालली असती. दोन ऑक्टोबर. अकरा नोव्हेंबर. हेविनने लिहिली असती, कागद घडी करून ठेवला असता, नेस्टाने उरलेला पाव काढला असता, आणि पुढच्या गुरुवारी ते नदीकाठाने गेले असते. त्याने अकरा नोव्हेंबर म्हणायला श्वास घेतलासुद्धा. त्याचा आवाज, निघाला तेव्हा, त्याला स्वतःलाच नीटसा ओळखू आला नाही. कोरडा होता, आणि फारसा हलतही नव्हता.

“तेच लिही. एलिसचं आहे तेच.”

“म्हणजे?”

“चौदा सप्टेंबर.”

हेविन हसला. “अरे, त्या दिवशी कसं? त्या दिवशी तर—”

“त्या दिवशीच. इथं, याच दगडावर बसून. सुरुंग उडत होते, आणि मी ओळी जुळवत होतो.” नेस्टाची काठी थांबली होती. टेकविन हेविनच्या तोंडाकडे बघत राहिला. चौकशीत त्याच्या आईकडे बघितले होते तसा, पण या वेळी नजर न काढता. “मी मोजलेच नाहीत, हेविन. त्यानं विचारलं, मी चार म्हणालो. चौकशीत तीन सांगितलं, ते खोटं. तुझा दादा घाईनं गेला नाही. मी सांगितलं म्हणून गेला.”